नाण्याचा बट्टा व नांवाचा बट्टा

मराठी भाषेनें नीतीचे पुष्कळसे शब्द सराफकट्ट्यावरून उचललेले आहेत. माणूस खरा कीं खोटा हें आपण ज्या शब्दांनीं सांगतों त्याच शब्दांनीं पूर्वी नाण्याची परीक्षा होत असे. मित्राची पारख संकटांत होते, बोलणें खणखणीत असतें, आणि ज्याचा शब्द बाजारांत चालतो त्याला पत आहे असें आपण म्हणतों. या पत शब्दाचे दोन अर्थ, उधारी मिळण्याची योग्यता आणि अब्रू, इतके एकजीव झालेले आहेत कीं एक गेली व दुसरी राहिली असें बोलणेंहि अवघड. परंतु या सर्वांत विलक्षण शब्द 'बट्टा' हा होय. एका टांकसाळीचें नाणें देऊन दुसरीचें घेतांना जी तूट सोसावी लागे ती बट्टा. आणि कुळाच्या नांवाला जो डाग लागतो तोहि बट्टाच.

भाषेनें हे दोन अर्थ एका शब्दांत बांधले तेव्हां त्यांचें नातें खरें होतें काय, आणि असल्यास तें आजहि खरें आहे काय, हा प्रश्न आम्हीं येथें विचारार्थ घेतला आहे. तो केवळ शब्दशास्त्राचा प्रश्न नाहीं. दोन देशांच्या चलनांमधील हुंडणावळीचा दर जेव्हां जेव्हां बदलतो, तेव्हां तेव्हां वर्तमानपत्रांतून व सभांतून कोणाची तरी मान खालीं गेल्याची किंवा उंचावल्याची भाषा ऐकूं येते. रुपया घसरला म्हणजे जणूं आपणच घसरलों, आणि शेजाऱ्याचा रुपया आपल्याहून स्वस्त झाला म्हणजे जणूं आपण त्याच्याहून श्रेष्ठ ठरलों, अशी समजूत सुशिक्षितांच्याहि मनांत घर करून असते. या समजुतीचा खर्च कोणाच्या तरी खातीं पडतो. तो कोणाच्या खातीं पडतो हें पाहिल्यावांचून तिच्याविषयीं निर्णय देतां यावयाचा नाहीं.

प्रथम जुन्या काळाकडे पाहूं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नाणीं पाडण्याची व्यवस्था पाहणारा लक्षणाध्यक्ष आणि चलनाची परीक्षा करणारा रूपदर्शक असे दोन निराळे अधिकारी सांगितलेले आहेत. नाणें पाडणारा व पारखणारा यांत असा भेद करावासा वाटला, यावरूनच नाण्याच्या खरेपणाला किती जपावें लागे हें दिसतें. पेशवाईंत अंकुशी, चांदवडी, सुरती असे नाना प्रकारचे रुपये चालत, आणि कोणत्या रुपयावर किती बट्टा घ्यावयाचा हें सराफ चांदीचा कस, वजन व झीज पाहून ठरवी. अशा व्यवस्थेंत बट्टा हा शब्द नीतीच्या प्रांतांत शिरला यांत नवल नाहीं. रुपया म्हणजे चांदीच्या ठराविक वजनाविषयीं राजानें केलेलें एक विधान होतें. तें विधान हलकें निघालें तर राजाचा शब्द हलका निघाला. नाण्याच्या बट्ट्यांत नांवाचा बट्टा त्या काळीं खरोखरच दडलेला असे.

तथापि तेव्हांहि प्रत्येक बट्टा कलंकाचा नव्हता. निजामाच्या राज्यांत, म्हणजे आपल्या मराठवाड्यांतहि, हाली सिक्का चाले आणि सरहद्दीपलीकडे इंग्रजी कलदार. हाली रुपयांत चांदी कमी, म्हणून सात हाली बरोबर सहा कलदार असा हिशेब ठरलेला असे. तो सर्वांस ठाऊक होता. त्यांत कोणी कोणास फसवीत नव्हतें. परभणीचा व्यापारी नगरच्या व्यापाऱ्याशीं देवघेव करतांना साताचे सहा करी, पण त्यासाठीं त्याला मान खालीं घालावी लागत नसे. उलट निजामाचें सरकार तोच कमी चांदीचा सिक्का आपल्या राजसत्तेचें चिन्ह म्हणून अभिमानानें जपीत असे. लपविलेली तूट ही खोटेपणा होती. उघड सांगितलेली तूट हा निव्वळ हिशेब होता. हा भेद आम्ही पुढील विवेचनासाठीं लक्षांत ठेवूं इच्छितों.

आतां कागदी चलनाकडे वळूं. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या पांचव्या भागांत असा विचार मांडलेला आहे कीं पैसा हा निसर्गानें नव्हे तर संकेतानें पैसा झालेला आहे, आणि तो बदलणें किंवा निरुपयोगी करणें मनुष्याच्या हातीं आहे. धातूच्या नाण्याविषयीं हें विधान कांहींसें धाडसाचें वाटलें असेल. कागदी नोटेविषयीं तें अक्षरशः खरें आहे. आजचा रुपया कोणत्याहि धातूच्या वजनाविषयीं कांहींच सांगत नाहीं, म्हणून त्या अर्थानें तो हलकाहि निघूं शकत नाहीं. दोन कागदी चलनांमधील दर हा दोन देशांतील किंमती, आयात-निर्यात, देणें-घेणें आणि सरकारी निश्चय या सर्वांचा एकत्रित परिणाम असतो. एका डॉलरला शंभराहून अधिक येन मिळतात. तेवढ्यावरून जपान भारताहून दरिद्री किंवा कमी मानाचा आहे असें कोणी समंजस माणूस म्हणत नाहीं. मोजण्याची पट्टी फुटांची कीं मीटरची, यानें मोजल्या जाणाऱ्या माणसाची उंची बदलत नाहीं.

मग हुंडणावळीच्या दराला अब्रूचा प्रश्न करण्याची संवय कोठून येते, आणि तिचा परिणाम काय होतो? याची परीक्षा एका प्रत्यक्ष उदाहरणावर करणें बरें. उदाहरण अशा दोन रुपयांचें आहे कीं जे एकाच घरांत वाढले.

१५ ऑगस्ट १९४७ रोजीं देश दोन झाले, पण रुपया एकच राहिला. ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया हीच दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. आपल्या नाशिकच्या छापखान्यांतील नोटांवर 'पाकिस्तान सरकार' ही अक्षरें इंग्रजींत व उर्दूंत अधिक उमटवून त्याच नोटा तिकडे चलनांत आणल्या गेल्या. १ जुलै १९४८ रोजीं स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली व चूल वेगळी झाली. परंतु शंभरास शंभर हा भाव कायमच होता. पुढें १८ सप्टेंबर १९४९ रोजीं ब्रिटननें पौंडाचा भाव ४.०३ डॉलरांवरून २.८० डॉलरांवर उतरविला. भारतानें लगोलग तेंच केलें; पौंडाशीं असलेलें रुपयाचें एक शिलिंग सहा पेन्सांचें प्रमाण तसेंच ठेवलें, आणि त्यामुळें डॉलरचा भाव सुमारें ३.३१ रुपयांवरून ४.७६ रुपयांवर गेला. स्टर्लिंग-समूहांतील बहुतेक देश याच वाटेनें गेले. पाकिस्ताननें मात्र आपला रुपया होता तेथेंच ठेवला. शंभर पाकिस्तानी रुपये म्हणजे १४४ भारतीय रुपये, असा नवा हिशेब त्यामुळें एकाएकीं उत्पन्न झाला.

दोन्ही पक्षांपाशीं विचार करण्याजोगीं कारणें होतीं, हें मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे. पाकिस्तान मुख्यतः ताग व कापूस विकणारा देश. या मालाला जगांत गिऱ्हाईक होतेंच. भाव उतरविल्यानें खप विशेष वाढेल अशी आशा नव्हती. उलट नव्या कारखान्यांसाठीं यंत्रें बाहेरून आणावयाचीं होतीं, तीं हातानें महाग करून घेण्यांत अर्थ नव्हता. भारताच्या बाजूनें पाहतां, कलकत्त्याच्या गिरण्यांना लागणारा ताग एका दिवसांत शेंकडा ४४ नें महाग झाला, आणि अवमूल्यनानें निर्यातीला जो हात मिळावयाचा तो या महागाईनें आंखडला जाणार होता. यांतील कोणतेंहि कारण लज्जास्पद नाहीं आणि कोणतेंहि गौरवास्पद नाहीं. ही विकणाऱ्याची व घेणाऱ्याची ओढाताण होती, आणि असली ओढाताण बाजारांत रोज मिटत असते.

परंतु घासाघीस बाजूला राहिली. न उतरलेला रुपया हा तिकडे नव्या राष्ट्राच्या स्वातंत्र्याचा पुरावा ठरला. आणि १४४ हा आंकडा मान्य करणें म्हणजे कालच वेगळ्या निघालेल्या भावापुढें नमणें होय, असें इकडे वाटूं लागलें. भारतानें तो दर मानण्याचें नाकारलें. जो दर एक पक्ष मानतो व दुसरा मानीत नाहीं तो दरच नव्हे. त्यामुळें दोन देशांमधील व्यापार गोठला. डिसेंबरांत भारतानें पाकिस्तानला कोळसा धाडणेंहि थांबविलें.

आतां हा मानाचा खर्च कोणीं भरला तें पाहूं. फाळणीच्या रेषेनें तागाचें शेत एका देशांत व गिरणी दुसऱ्या देशांत टाकली होती. अविभक्त भारतांतील तागाचें सुमारें तीन-चतुर्थांश पीक पूर्व बंगालांत निघे, आणि तेथें तागाची एकहि गिरणी नव्हती. शंभराहून अधिक गिरण्या हुगळीच्या कांठीं पश्चिम बंगालांत होत्या. ताग कापून, पाण्यांत कुजवून, सोलून, वाळवून शेतकरी बाजारांत आणतो ते नेमके पावसाळ्याच्या अखेरचे दिवस. आणि व्यापार बंद पडला तोहि त्याच दिवसांत. वर्षाची कमाई त्या सोनेरी पेंढ्यांत बांधून जो शेतकरी उभा होता त्याच्यापुढचें गिऱ्हाईकच नाहींसें झालें. पाकिस्तान सरकारला तागाचा किमान भाव जाहीर करावा लागला, आणि खरेदीसाठीं पैसा पुरविण्यास नोव्हेंबर १९४९ मध्यें नॅशनल बँक ऑफ पाकिस्तान ही नवी बँक घाईघाईनें स्थापावी लागली. यावरून संकटाची खोली कळते. हुगळीच्या कांठीं कच्च्या मालाच्या टंचाईनें गिरण्यांचें काम आंखडलें. इकडे भारतांत भाताच्या जमिनींत ताग पेरला जाऊं लागला, आणि तोहि देश बाहेरून धान्य आणून पोट भरीत असतांना.

याहून सूक्ष्म असा एक खर्च आहे, आणि तो साध्या त्रैराशिकानें दिसतो. समजा, कांहीं ताग परदेशीं शंभर डॉलरांस विकला गेला. पाकिस्तानच्या जुन्या दरानें त्याचे ३३१ रुपये येत. तेथेंहि अवमूल्यन झालें असतें, आणि डॉलरांतील भाव तोच राहिला असता, तर त्याच तागाचे ४७६ रुपये आले असते. उलटपक्षीं कराचीचा कारखानदार शंभर डॉलरांचें यंत्र ४७६ ऐवजीं ३३१ रुपयांत घेऊं शकत होता. म्हणजे रुपयाचा दर उंच ठेवणें हा एक न बोललेला कर होता. तो ताग पिकविणाऱ्यापासून वसूल होई व यंत्र आणणाऱ्याच्या पदरीं पडे. पूर्व बंगालच्या अर्थशास्त्रज्ञांची पुढें हीच सततची तक्रार होती कीं आमच्या तागानें मिळविलेलें परकीय चलन पश्चिमेकडे खर्ची पडतें. पाकिस्तानच्या दोन भागांत जी तेढ वाढत गेली तिच्यांत या तक्रारीचाहि वांटा होता.

या ताणाचा शेवट कसा झाला? एप्रिल १९५० मध्यें मर्यादित वस्तूंचा एक तात्पुरता करार झाला. त्याच वर्षीं जूनमध्यें कोरियाचें युद्ध सुरू होऊन तागाचे भाव जगभर चढले, आणि पाकिस्तानचा निश्चय शहाणपणाचा ठरल्यासारखा भासला. फेब्रुवारी १९५१ मध्यें, म्हणजे सतरा महिन्यांनीं, भारतानें १४४ चा हिशेब मान्य केला. मान गेला काय? आकाश कोसळलें नाहीं. ताग मात्र पुन्हां येऊं लागला. पुढें तेजी ओसरली, आणि जुलै १९५५ च्या अखेरीस पाकिस्ताननें आपण होऊन रुपया उतरविला व पुन्हां शंभरास शंभर झाले. ज्या आंकड्यासाठीं एकानें नमण्याचें नाकारलें तो त्यानें अखेर मानला, आणि ज्या आंकड्याला दुसऱ्यानें स्वातंत्र्याचा पुरावा म्हटलें तो त्यानें अखेर सोडला. ज्या शेतकऱ्यानें १९४९ च्या हंगामांत ताग पडत्या भावानें विकला किंवा घरांत ठेवला, त्याला मात्र तो हंगाम कोणीं परत दिला नाहीं.

या दोन रुपयांची पुढील कथा आमच्या प्रश्नावर आणखी प्रकाश पाडते. ६ जून १९६६ रोजीं भारतानें डॉलरचा भाव ४.७६ वरून ७.५० रुपयांवर नेला. पाकिस्ताननें आपला दर बदलला नाहीं; त्यामुळें शंभर पाकिस्तानी रुपयांचे सुमारें १५७ भारतीय रुपये झाले, आणि राष्ट्राच्या अपमानाची भाषा आतां आपल्याकडे ऐकूं आली. मे १९७२ मध्यें पाकिस्ताननें डॉलरचा भाव एकदम ११ रुपयांवर नेला व पारडें फिरलें. हें लिहिण्याच्या वेळीं एका भारतीय रुपयाला तीनांहून अधिक पाकिस्तानी रुपये पडतात, आणि त्यावर समाधान मानणारे लोक आपल्यांत थोडेथोडके नाहींत.

या गृहस्थांस आम्ही एकच तारीख आठवावयास सांगूं. १६ डिसेंबर १९७१ रोजीं ढाक्यास पाकिस्तानी सैन्यानें शरणागति पत्करली. त्या दिवशीं अधिकृत दरानें पाकिस्तानचा एक रुपया भारताच्या सुमारें दीड रुपयाबरोबर होता. हुंडणावळीचा दर हें जर राष्ट्राच्या मानाचें किंवा सामर्थ्याचें माप असेल, तर त्या दिवशीं त्या मापानें काय मोजलें? आणि २०१९ पासून दोन्ही देशांमधील सरळ व्यापार जवळजवळ थांबलेला आहे. म्हणजे ज्या दराचा आपण अभिमान बाळगतों त्या दरानें कोणी फारसें घेतहि नाहीं व देतहि नाहीं.

यावर दोन आक्षेप येण्याजोगे आहेत. पहिला असा कीं, दर हा जर निव्वळ हिशेब असेल तर सरकारनें वाटेल तेव्हां चलन उतरवावें, त्यांत नीतीचा कांहींच प्रश्न नाहीं काय? प्रश्न आहे, परंतु तो वेगळ्या जागीं आहे. पोस्टांत पुंजी ठेवणारी निराधार स्त्री, ठराविक निवृत्तिवेतनावर जगणारा वृद्ध, पुढील वर्षीं तेवढेंच धान्य मिळेल या भरंवशावर मजुरी घेणारा मजूर, या सर्वांशीं चलन काढणाऱ्या सरकारनें एक मुका करार केलेला असतो. रुपयाची खरेदीशक्ति मनमानेल तशी खालावूं दिली तर तो करार मोडतो, मग परदेशीं दर कांहींहि असो. येथें एका मराठी विद्वानाचें स्मरण करणें उचित होईल. डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं १९२३ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झालेल्या, रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या इंग्रजी प्रबंधांत असा पक्ष मांडला होता कीं रुपयाची परदेशी हुंडणावळ स्थिर राहण्यापेक्षां देशांतील वस्तूंच्या मानानें त्याची किंमत स्थिर राहणें अधिक महत्त्वाचें आहे. आमच्या मतें हा केवळ अर्थशास्त्राचा सिद्धांत नाहीं. रुपया कोणाच्या हातांत असतो, याचें भान त्यांत आहे.

याच आक्षेपाला लागून सत्यभाषणाचा प्रश्न येतो. ब्रिटनचे अर्थमंत्री सर स्टॅफर्ड क्रिप्स यांनीं १९४९ मध्यें अवमूल्यनाचा विचार नसल्याचें वारंवार सांगितलें होतें. असा मंत्री आधीं खरें बोलेल तर सट्टेवाले तिजोरी रिकामी करतील, आणि खोटें बोलेल तर त्याच्या शब्दावर विसंबलेला साधा माणूस फसेल. हा पेंच खरा आहे. परंतु या पेंचाचें मूळ बरेंचसें मागें असतें. अमुक आंकडा म्हणजे आमची अब्रू असें ज्यानें एकदां चव्हाट्यावर सांगितलें, त्याला तो आंकडा बदलण्याच्या दिवसापर्यंत खोटें बोलणें भाग पडतें. दर हा हिशेब आहे, परिस्थिति पालटली तर तोहि पालटेल, असें आरंभापासून बोलणाऱ्यास खोट्याची गरज फार कमी पडते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मानासाठीं राष्ट्रें हाल सोसतात, आणि सोसलेच पाहिजेत. सर्वच गोष्टी तागाच्या भावानें तोलूं लागलों तर स्वातंत्र्यहि महागच पडतें. हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्यागाला एक अट असते: जो सोसतो त्यानें तो आपण होऊन पत्करलेला असावा, किंवा निदान आपण काय पत्करतों आहों हें त्याला सांगितलेलें असावें. दुष्काळांत स्वतः उपाशी राहून पाहुण्याला वाढणें हें औदार्य. घरच्या गड्याला उपाशी ठेवून वाढणें याला औदार्य कोणी म्हणत नाहीं. कराचींत व दिल्लींत ज्यांनीं मानाची भाषा केली त्यांच्या ताटांतील घांस कमी झाला नाहीं. ज्याचा झाला त्याला तो मानाचा घांस होता हें कोणीं सांगितलेंहि नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच कीं, भाषेनें एकत्र बांधलेले हे दोन बट्टे आपण विचारांत तरी वेगळे ठेवावे. शंभराचे १४४ झाले किंवा तिसरा हिस्सा उरला, यानें कोणाच्या नांवाला बट्टा लागत नाहीं. शेतकऱ्याला किमान भाव देऊं म्हणून सांगावें व त्याच्यापर्यंत तो पोंचूं नये, ठेवीदाराच्या पुंजीची किंमत राखूं म्हणावें व महागाईनें ती खावी, एकाचा तोटा दुसऱ्याच्या खिशांत घालून त्यावर राष्ट्राचें निशाण पांघरावें, यानें मात्र लागतो. परभणीच्या व नगरच्या त्या जुन्या व्यापाऱ्यांस हा विवेक होता. साताचे सहा उघड सांगून घेत तोंपर्यंत त्यांचा व्यवहार स्वच्छ होता. तराजू लपवून धरणाराकडेच ते संशयानें पाहत.